मटकीला मोड येतात, मग मिरचीचं बी का उगवत नाही?

मटकी सकाळी भिजत घातली, रात्री निथळून फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडताना पांढरेशुभ्र मोड दिसतात. आपल्याकडे हे काम शाळकरी मुलंही करतात. त्याच घरातल्या कुंडीत पेरलेली मिरची मात्र पंधरा दिवस झाले तरी वर येत नाही. मग ‘बीच खराब होतं’ किंवा ‘माझ्या हाताला यश नाही’ असं म्हणून बाजारातून आणलेलं रोप त्या कुंडीत लागतं.

बी कधीकधी खराब असतंही. पण मी बरीच वर्षं गच्चीवर रोपं करते आहे, आणि न उगवलेल्या कुंड्या उकरून बघायची मला सवय आहे. हाताला लागतं ते बी बहुतेक वेळा मऊ, काळपट आणि कुजका वास येणारं असतं. म्हणजे ते उगवायला निघालं होतं आणि मधेच गुदमरलं. मटकीचं पाणी आपण न चुकता निथळून टाकतो. कुंडीत मात्र सकाळ-संध्याकाळ ओततच राहतो.

बी उघडून बघताना

कडवे वाल भिजवून, मोड आणून सोलायला बसलात की एक डाळिंबी बाजूला घ्या आणि अलगद उघडा. जे साल निघालं ते बियांचं कवच. आतल्या दोन डाळी म्हणजे रोपाचा शिधा. त्या दोन डाळींच्या सांध्यात, एका टोकाला, चोचीसारखं बाकदार काहीतरी दिसतं, तेच खरं रोप. त्याचं एक टोक मूळ होणार, दुसरं शेंडा. आपण ज्याला मोड म्हणतो ते हे मूळ. मिरचीच्या चपट्या बीतही हेच सगळं असतं. फक्त फार बारीक, आणि शिधा डाळींच्या बाहेर साठवलेला.

पाणी शिरलं की बी फुगतं, आतली विकरं (एन्झाइम्स) कामाला लागतात आणि साठवलेल्या पिठाची साखर होऊ लागते. मोडाची कच्ची मटकी किंचित गोडसर लागते ती यामुळेच. ही साखर वापरून रोप वाढतं आणि ती वापरायला प्राणवायू लागतो. म्हणजे कोरडं बी नावापुरता श्वास घेत असतं, पण भिजल्यापासून ते जोरात श्वास घेऊ लागतं. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मातीतली प्रत्येक पोकळी पाण्याने भरली की बीपर्यंत तो पोचतच नाही, आणि गुदमरलेलं बी बुरशीच्या तोंडी जातं.

कोरडं ठेवूनही भागत नाही. फुगलेलं बी मूळ बाहेर पडायच्या आधी सुकलं तर पुन्हा भिजवल्यावर सावरू शकतं. मूळ बाहेर पडल्यावर सुकलं तर संपलं. रविवारी हौसेने पेरून गुरुवारपर्यंत विसरलेल्या कुंड्या अशाच जातात.

पाणीही हवं आणि हवाही हवी, या अवस्थेला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: वाफसा. माझ्या मामांकडे जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की मला वाटायचं, आता लगेच पेरणी. मामा बांधावरून उतरून मूठभर माती उचलायचे, दाबून गोळा करायचे आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडायचे. गोळा थापटीसारखा बसला की म्हणायचे, “अजून वाफसा नाही गं, दोन दिवस जाऊ देत.” गोळा पडून फुटला, त्याचा भुगा झाला, की पेरणीची तिफण बाहेर निघायची. वाफशाच्या मातीत मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथे हवा शिरलेली असते आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकलेली असते. मटकीची पुरचुंडी म्हणजे फडक्यातला वाफसाच.

रोपाच्या कपात वाफसा कसा आणायचा

शेतातलं पाणी खाली झिरपायला जागा असते, कपात ती नसते. काळी माती तर लहान भांड्यात भरली की ओली असताना चिकट आणि वाळली की भेगाळलेली, मधली अवस्था तासाभरापुरती. म्हणून रोपांसाठी माती वापरूच नका. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत पुरेसं आहे. कोकोपीटची वीट भिजवून फुलल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवून पिळून घ्या, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. मिश्रण ओलं करून मूठ घट्ट पिळली की बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागता कामा नये.

भांडं कुठलंही चालतं. दह्याचे डबे, चहाचे कागदी कप, अर्ध्या कापलेल्या दुधाच्या पिशव्या, किंवा रोपवाटिकेत वापरतात तो छोट्या-छोट्या खणांचा प्रो-ट्रे. दाभणाने तळाला तीन-चार भोकं पाडणं मात्र चुकवू नका. पहिल्या वर्षी मी भोकं न पाडता बारा कपांत मिरची लावली होती, त्यातलं एकही बी उगवलं नाही. पाणी वरून ओतण्यापेक्षा परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात कप ठेवावेत. मिश्रण खालून पाणी ओढून घेतं, वरचा थर गडद दिसू लागला की कप उचलून निथळायला ठेवायचे. पुढचं पाणी वरचा थर फिकट झाल्यावर आणि कप उचलून हलका लागल्यावरच.

बी किती खोल टोकायचं याचा जुना आडाखा चांगला आहे: बीच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट. भेंडी साधारण बोटाच्या अर्ध्या पेरापर्यंत, टोमॅटो-वांगी-मिरची जेमतेम अर्धा सेंटीमीटर. वर येईपर्यंत रोपाला बीतल्या शिध्यावरच चालायचं असतं. भेंडीच्या बीत तो भरपूर असतो. पेट्युनियाच्या एका ग्रॅममध्ये मात्र दहा हजारांच्या आसपास बिया मावतात. एवढ्याशा जिवाला वर माती दिली तर तो शिधा संपून वाटेतच थांबतो. अशा बिया चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळून वरवर भुरभुरायच्या, तळहाताने हलकेच दाबायच्या आणि स्प्रेच्या बाटलीने पाणी द्यायचं.

बारीक बिया वरच ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. त्यातल्या काही उजेड दिसल्याशिवाय उगवतच नाहीत. १९५२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या बियांवर आलटून पालटून लाल आणि अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) प्रकाश पाडून पाहिला. शेवटचा झोत लाल असेल तर बिया उगवल्या, अतिलाल असेल तर बहुतेक तशाच राहिल्या, मग आधी कितीही वेळा अदलाबदल केलेली असो. यात बीचा फायदा असा: मोठ्या झाडाची पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि अतिलाल खाली सोडतात, त्यामुळे ‘डोक्यावर आधीच कोणीतरी आहे’ हे बीला कळतं आणि ते थांबतं. सदाफुलीचं उलट आहे. तिला अंधार लागतो, म्हणून बी झाकून वर काळं प्लॅस्टिक किंवा जाड वर्तमानपत्र टाकावं आणि कोंब दिसताच काढावं.

घटातले पिवळे तुरे

उगवेपर्यंत उजेड लागो न लागो, उगवल्यावर तो सगळ्यांनाच लागतो. घटस्थापनेला देवघरात शेतातल्या मातीत गहू-ज्वारी पेरतो, नवव्या दिवशी वीतभर तुरे आलेले असतात. ते पिवळसर, नाजूक आणि लांबट असतात. दसऱ्याला ते टोपीत किंवा केसांत खोवतात, देवाला वाहतात, तिथे तो पिवळा रंगच शोभतो. पण तो रंग आणि ती उंची देवघरातल्या अंधुक उजेडामुळे आलेली असते. उजेड मिळत नाही म्हणून रोप सगळा शिधा उंची गाठण्यावर खर्च करतं, हिरवा रंग आणि खोडाची जाडी मागे राहते.

खोलीत खिडकीपासून दोन हात लांब ठेवलेल्या टोमॅटोच्या रोपांचं नेमकं हेच होतं. तिसऱ्या दिवशी ती उंच दिसतात आणि आपल्याला बरं वाटतं, आठव्या दिवशी माना टाकतात. म्हणून पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे बाहेर, सकाळचं दोन-तीन तास ऊन येतं अशा जागी ठेवा, आणि हळूहळू ऊन वाढवत न्या. सगळ्या बिया उगवायची वाट पाहू नका. लांबलेलं टोमॅटोचं रोप वाचवता येतं: पुनर्लागवडीच्या वेळी ते खालच्या पानांपर्यंत मातीत गाडलं तर खोडालाच मुळं फुटतात. झेंडूलाही हे चालतं.

आता ऊब. टोमॅटो, वांगी, मिरची, झेंडू यांना उगवायला २५ ते ३० अंश सेल्सिअस आवडतं. अशा उबेत झेंडू चार-सहा दिवसांत, टोमॅटो आठवड्याभरात, मिरची आठ ते बारा दिवसांत वर येते. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात रात्रीचा पारा दहा-बाराच्या आसपास असताना पेरलेली मिरची तीन-तीन आठवडे घेते, आणि तेवढ्या काळात पाणी जास्त झालं तर कुजते. थंडीत ट्रे उगवेपर्यंत घरात उबदार कोपऱ्यात ठेवावा, किंवा सरळ जानेवारीअखेरपर्यंत थांबावं. थंडीची फुलं, म्हणजे पेट्युनिया, अष्टर, डायंथस, फ्लॉक्स, ही परतीचा पाऊस ओसरताना पेरायची.

झेंडूचा हिशेब तर पंचांगातच आहे. पेरल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी रोप लावणीला येतं आणि लावल्यावर दोनेक महिन्यांत फुलं सुरू होतात. आषाढी एकादशी ते दसरा, मधे अधिक महिना नसेल तर, बरोबर तीन महिने. एकादशीच्या सुमाराला बी पेरायचं, दसऱ्याला तोरण घरच्या फुलांचं. फक्त तो ऐन पावसाळा असतो, म्हणून ट्रे पत्र्याखाली किंवा गॅलरीत आडोशाला ठेवायचा. लावल्यानंतर महिन्याभराने शेंडा खुडला की बाजूचे फुटवे फुटतात आणि फुलं दिवाळीपर्यंत पुरतात.

काही बियांचे हट्ट

मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर यांची रोपं करू नका, जागेवरच पेरा. मुळ्या-गाजराचं सोटमूळ हलवताना दुखावलं की तिथे फाटे फुटतात आणि वाकडीतिकडी गाजरं निघतात. भेंडी, गवार, काकडी, दुधी यांनाही मुळांना हात लावलेला आवडत नाही. कागदी कपात लावून कपासकट पुरलं तर चालतं, मात्र कपाचा तळ फाडून टाका.

धण्याचा दाणा म्हणजे एक बी नव्हे. ते फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून धणे चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करून पेरतात. एवढं करूनही कोथिंबीर आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे घेते, तेव्हा पाचव्या दिवशी उकरून बघू नका. आपला नेहमीचा पालक बीटाच्या जवळच्या नात्यातला आहे आणि दोघांचंही ‘बी’ म्हणजे काही बियांचा खडबडीत गठ्ठा असतो. एका जागी तीन कोंब आले तर ते त्यामुळे. त्यातला जोमदार ठेवून बाकीचे उपटण्यापेक्षा कात्रीने कापावेत, उपटताना शेजाऱ्याची मुळंही निघून येतात. ही विरळणी करताना जीव कचरतो हे मला माहीत आहे. कापलेले कोंब कोशिंबिरीत घालावेत, पण बी औषध लावलेलं नसेल तरच.

कारल्याचं आणि गोकर्णीचं कवच फार टणक असतं. कारल्याच्या बीचं टोक नेलकटरने जरासं कापावं, गोकर्णीची बी पॉलिश पेपरवर एका बाजूने घासावी, मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवावी. रात्रभर म्हणजे रात्रभरच. दोन दिवस पाण्यात विसरलेलं बी कुंडीत न जाताच गुदमरतं.

उगवलेली रोपं आडवी पडतात तेव्हा

छान उगवलेला ट्रे एका सकाळी पाहावा तर चार रोपं आडवी, दुसऱ्या दिवशी दहा. वाकून बघितलं तर पानं हिरवीच असतात, पण मातीला टेकतो तिथे खोड पाणचट होऊन दोऱ्यासारखं बारीक झालेलं असतं. ही रोपांची मर. पिथियमसारखे बुरशीसदृश जीव आणि रायझोक्टोनियासारख्या बुरशी ती घडवतात, आणि त्यांना हवं ते सगळं आपणच पुरवलेलं असतं: सतत ओला वरचा थर, दाट पेरणी, कोंडलेली हवा. आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही. ते आजूबाजूच्या मिश्रणासकट काढून टाका, पाणी थांबवा, ट्रे वाऱ्यावर ठेवा. आधीच टाळायचं असेल तर पेरण्यापूर्वी बिया चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडरीत घोळवून घ्या. ही उपयोगी बुरशी आहे, ती रोगाच्या बुरशीला थारा देत नाही. बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं आलं असेल तर त्याला आधीच बुरशीनाशक लावलेलं असतं. तिथे ट्रायकोडर्मा लावून उपयोग नाही, आणि ते बी हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, मुलांच्या हाती ते पडू द्यायचं नाही.

कधीकधी बी उगवत नाही कारण ते तिथे नसतंच. मुंग्या बारीक बिया ओळीने उचलून नेतात. मिठाईचा डबा जसा पाण्याच्या परातीत ठेवतो तसा ट्रे पाण्यातल्या विटेवर ठेवला की मुंग्यांची वाट बंद होते.

पहिली जी दोन गुळगुळीत पानं येतात ती बीच्या आतल्याच डाळी. त्यानंतर येतात ती त्या जातीची खरी पानं. चार-पाच खरी पानं आली की लावणी. टोमॅटोला त्यासाठी साधारण २५ ते ३० दिवस, वांग्याला महिनाभर, मिरचीला ३५ ते ४० दिवस लागतात. आधीचा आठवडा रोपांना थोडं कमी पाणी आणि रोज थोडं जास्त ऊन द्यायचं, म्हणजे ती कणखर होतात. लावायचं ते संध्याकाळी. मुळांभोवतीचा गड्डा फुटू न देता लावायचं आणि दोन दिवस दुपारची सावली करायची. दोन-चार रोपं जादा ठेवा, मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, म्हणजे नांगे, भरायला लागतात.

पाकीट आणि घरचं बी

पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि वैधता तिथे असते. प्रमाणित बियाण्यांची वैधता चाचणीपासून नऊ महिने धरतात. किमान उगवणक्षमता टोमॅटोसाठी ७०, भेंडीसाठी ६५ आणि मिरचीसाठी ६० टक्के ठरलेली आहे. म्हणजे मिरचीच्या दहा बियांतल्या सहाच उगवल्या तरी बी नियमाने पास. ‘चारच रोपं हवीत’ म्हणून चारच बिया पेरू नका. कांद्याचं बी वर्षभरात मंदावतं, टोमॅटो आणि काकडीचं नीट कोरडं ठेवलं तर चार वर्षंही टिकतं. जुन्या पाकिटाबद्दल शंका असेल तर दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा. मिरची असेल तर दोन आठवडे वाट बघा. जितक्यांना मोड येतील त्याची दहापट म्हणजे तुमचा टक्का.

घरचं बी धरायचं तर सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं धरा. भेंडीत परभणी क्रांती हा असा वाण आहे, त्याची शेंग झाडावरच वाळवून बी ठेवलं तर पुढच्या वर्षीही तशीच भेंडी येते. मात्र शेजारी दुसरी जात असेल तर मधमाश्या मिसळ करतात. संकरित टोमॅटोच्या बियांतून उगवतं ते एकसारखं नसतं, एक झाड आईवर जातं, एक भलतीकडेच. आपल्या डोंगराळ भागातल्या बायकांनी घेवडा, वाल, भोपळा यांच्या कितीतरी गावरान जाती राखेत घोळवून, मातीच्या मडक्यांत ठेवून जगवल्या आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना याच कामासाठी २०२० सालची पद्मश्री मिळाली. राख ओल शोषते आणि भुंग्याला आत शिरू देत नाही. शहरात राख नसेल तर काचेच्या बरणीत तव्यावर भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवली तरी काम होतं.

दसऱ्याचं तोरण उतरवलं की झेंडूची फुलं टाकू नका. सावलीत कडकडीत वाळवा आणि एकेक फूल मोडून बघा. काळ्या बारीक काडीला पांढरट शेपूट, अशी बी दिसते. काडी भरीव आणि टणक लागली तर ठेवायची, चपटी आणि पोकळ लागली तर ती फोल. फार गच्च पाकळ्यांच्या मोठ्या फुलांत भरीव बिया थोड्याच निघतात, म्हणून चार-पाच फुलं जास्त वाळवावी लागतात. तोरणाची फुलं अनेकदा पूर्ण पिकण्याआधीच खुडलेली असतात, त्यामुळे घरच्या झाडावर दोन फुलं खास बियांसाठी राखून तिथेच तपकिरी होऊ दिली तर बी अधिक भरवशाचं मिळतं. कागदी पाकिटात घालून वर रंग आणि तारीख लिहा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, उरलीसुरली ओल त्यात कोंडते. आषाढी एकादशीच्या दहा दिवस आधी त्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात ठेवल्या की किती पेरायच्या ते कळेल.